घड्याळजींच्या मुद्दाम चुका

आमच्या गल्लीत बरीच वर्षं अशी बोलवा होती, की घड्याळजी मंत्र्यांना दमात घेतात. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्याकडे एखादं सरकारी शिक्क्याचं पाकीट यायचं, पोस्टमन ते दोन्ही हातांनी द्यायचा, आणि समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावता लावता सांगायचा, "बघा, टरकलेत वरचे!" आता ज्या माणसाला स्वतःच्या घरात चहात चमचाभर साखर जास्त मागायची धमक नाही, तो मंत्र्यांना काय दमात घेणार? घड्याळजींना हवं होतं ते मंत्र्यांचं अक्षर. शाईचं, स्वतःच्या हातचं.

आधी त्यांनी सरळ सह्या मागून पाहिल्या. सह्या आल्या, पण डोळ्याला भिंग लावून बघतात तो काय, छापील ठिपके! मग एकदा स्तुतीच्या पत्रात चुकून एका मंत्र्यांचा अकरा महिन्यांचा तुरुंगवास त्यांनी नऊ महिन्यांचा लिहिला. आठवड्यात उत्तर हजर. दोन पानं, स्वहस्ते, आणि 'अकरा'वर पेन असं दाबलेलं की कागद फाटायचा बाकी. घड्याळजींना गुरुकिल्ली सापडली. स्तुतीला कारकून उत्तर देतो, चुकीला खुद्द साहेब! पुढे कुणाचं गाव चुकवलं, कुणाला पडलेल्या निवडणुकीत आणखी हजार मतांनी पाडलं. अशी सव्वीस पत्रं जमली. घड्याळांचे सुटे भाग ठेवायच्या सपाट खणांत, पातळ कागदात गुंडाळून.

राहिले होते ते म्हातारे माजी परराष्ट्रमंत्री. वय एक्क्याण्णव, हात थरथरता, आज-उद्या लेखणी सुटायची. घड्याळजींनी ठेवणीतला बाण काढला. तहाच्या ज्या बैठकीतून सगळे उठून गेले आणि हा एकटा माणूस तीन दिवस खुर्ची धरून बसला, तिच्याबद्दलच लिहिलं, "आपण रागानं उठून गेलात, ते आम्हाला फार आवडलं."

"अहो, म्हाताऱ्या माणसाला असं लिहितात का?" बायको म्हणाली.

"खवळतील. खवळले की लिहितील."

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. आत टाइप केलेल्या चार ओळी. 'हल्ली नीटसं आठवत नाही. आपण म्हणता तर उठून गेलो असेन. आत्मचरित्राच्या नव्या आवृत्तीत तसा बदल करायला सुनेला सांगितलं आहे.' खाली रबरी शिक्का.

म्हणजे घड्याळजींची थाप आता पुस्तकात जाणार, आणि तीही त्या माणसाच्याच तोंडून! त्या दिवशी त्यांनी एका बाईंच्या घड्याळाला भलत्याच घड्याळाचा काटा बसवला. रात्री जेवताना त्यांनी बायकोला विचारलं.

"पत्र लिहून कळवू का?"

"तुमच्या पत्रावर आता कोण विश्वास ठेवील?" बायको म्हणाली. "उठा, नि तोंडानं सांगून या."

गेले बापडे. सुनेनं दार उघडलं, खिडकीपाशी म्हातारबाबा शाल पांघरून बसलेले. घड्याळजींनी उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं आणि त्या वेळच्या वर्तमानपत्राचं कात्रण पुढे केलं.

म्हातारबाबांनी ते बोट फिरवत वाचलं. "म्हणजे मी बसलो होतो?"

"एकटे. शेवटपर्यंत."

"पंधरा दिवस मी स्वतःला पळपुटा समजतोय हो."

रागावले असते तर परवडलं असतं. ते फक्त सुनेकडे वळले. "छापायचं थांबव, बाळ. आणि ह्यांना कागद दे." मग घड्याळजींना म्हणाले, "मी पुन्हा विसरेन. तुम्ही लिहून ठेवा, चांगल्या मोठ्या अक्षरात. खाली सही करा."

घड्याळजींनी लिहिलं. म्हातारबाबांनी चार घड्या घालून कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला, वरून हात फिरवला. पेन टेबलावर उघडंच पडलं होतं, पण आता काही मागायला घड्याळजींची जीभ उचलेना.

गल्लीत शिरतात तोच, घड्याळजींच्या बायकोकडून एव्हाना सगळं कळलेल्या न्हाव्यानं वस्तरा हवेत धरून हाक मारली, "काय घड्याळजी, मिळालं का म्हाताऱ्याचं अक्षर?"

"नाही," घड्याळजी म्हणाले. "त्यांनी माझं घेतलं."