कोमट सायलेन्सर

ही गोष्ट मी घरात कधी सांगितली नाही. ट्रॅक्टरचा विषय निघाला की मी चष्मा पुसायला घ्यायचो, नाहीतर उठून आत जायचो. आता मोठा भाऊ राहिला नाही, माझ्यावर रागवायला कोणी उरलं नाही. म्हणूनच धीर आला असं कोणी म्हटलं, तर ते खरं आहे.

काटोलकडे आमची संत्र्याची बाग होती. सत्तरच्या आसपास भावाने एक जुना परदेशी ट्रॅक्टर घेतला आणि तो चालवायला एक माणूस ठेवला. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठा, अंगाने किडकिडीत. सगळे त्याला डायवरभाऊ म्हणायचे.

ट्रॅक्टर हँडल मारून सुरू व्हायचा. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनातलं तेल खाली उतरतं आणि थंडीने घट्ट होतं. ते वर पोचायच्या आत इंजिन पळवलं तर लोखंडावर लोखंड घासतं. हे मला डायवरभाऊनेच शिकवलं. कडाक्याच्या थंडीत तो संध्याकाळी, इंजिन गरम असतानाच, खालचा नट उघडून सगळं तेल एका डब्यात उतरवून घ्यायचा. सकाळी आंघोळीच्या पाण्याच्या चुलीजवळ तो डबा ठेवायचा. तेल पातळ झालं की इंजिनात ओतायचं. मग दाब सोडायची कळ उचलून वीस वेळा हँडल नुसतंच फिरवायचं, कळ पाडून सुरू करायचं, आणि तेलाचा काटा वर चढेपर्यंत इंजिन हळू चालू द्यायचं. यात अर्धा तास जायचा.

“हे काय काश्मीर हाये का?” भाऊ म्हणायचा. “माणसं थंड्या पाण्यानं आंघोळ करतेत, अन् तुह्या ट्रॅक्टरले गरम तेल पाह्यजे!”

“माणूस कुडकुडला तं बोंबलते जी मालक. हे मुकं हाये.”

त्या वर्षी संक्रांतीनंतर आठवडाभर ढगाळ, उबदार हवा होती. डायवरभाऊने तेल उतरवणं बंद केलं होतं. मग एका संध्याकाळी वारा सुटला, गारठा परतला आणि त्याने पुन्हा तेल उतरवून ठेवलं. मी त्या दिवशी नागपूरला गेलो होतो, रात्री उशिरा परतलो. मला ते कळलं नाही.

दुसऱ्या सकाळी संत्री काटोलच्या बाजारात लवकर पोचवायची होती. डायवरभाऊ बागेच्या दुसऱ्या टोकाला ट्रॉलीत माल भरून घेत होता. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, कॉलेज करून आलेला. वाटलं, तो येईपर्यंत ट्रॅक्टर सुरू करून ठेवू. त्याचं अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत होतं, हे भावाला दाखवू.

तेल मोजायची पट्टी ओढून पाहायला हवी होती. पाहिली नाही. डिझेलमध्ये बुडवलेली चिंधी पेटवून हवा आत जाते तिथे धरली आणि हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं. काटा मात्र हलेना. गारठ्याने अडकला असेल असं स्वतःला सांगून, इंजिन तापावं म्हणून मी वर रेसही दिली. दोन-तीन मिनिटांत आवाज बदलला. कोरडा, किंचाळल्यासारखा. मी घाईने बंद केलं. वळून पाहिलं, तर चुलीजवळ डबा.

विहिरीवरचं पंपाचं इंजिन चालू होतं, त्यामुळे कोणालाच ऐकू गेलं नव्हतं. मी पायरीवर जाऊन बसलो आणि दात घासायला घेतले.

थोड्या वेळाने डायवरभाऊ आला. सायलेन्सरला हात लावून क्षणभर थांबला, मग उन्हाकडे पाहिलं. डबा आणला, फडक्यातून गाळत सगळं तेल ओतलं, पट्टी पाहिली, वीस फेरे मोजले. मी दहा पावलांवरून पाहत होतो. तोंड उघडायला तेवढा वेळ पुष्कळ होता. ट्रॅक्टर सुरू होऊन फाटकापर्यंत गेला आणि आतून ठोके पडायला लागले.

नागपूरहून मिस्त्री आला. इंजिन उघडून त्याने जळालेल्या बेअरिंगा अंगणात पोत्यावर मांडल्या.

“बिनातेलाचं चाललं हाये हे,” तो म्हणाला.

“मी तं तेल टाकलं ना गा,” डायवरभाऊ म्हणाला.

“टाकलं असन. पण सुरू केल्यावर आठवलं असन!”

“नाही. अन् सायलेन्सर कोमट होता सकाळी. माह्या हाताले लागला.”

“आता सायलेन्सर साक्ष देते का?” भाऊ भडकला. “तेल चुलीवर अन् तू ट्रॅक्टरवर. तुह्या या सोंगापायी झालं सारं.”

डायवरभाऊ माझ्याकडे वळला. “लहाने मालक, तुम्ही होते ना पायरीवर? आधी तेल टाकलं, मग हँडल मारलं. पाह्यलं ना तुम्ही? सांगा ना जी.”

“माझं लक्ष नव्हतं,” मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात राग नव्हता. तो आठवून पाहत होता.

भावाने त्याला काढलं नाही. हँडल तेवढं त्याच्याकडून घेऊन माझ्या हातात दिलं आणि त्याला झाडांना पाणी द्यायला लावलं. गडी टिंगल करायचे, “डायवरभाऊ, चहात पत्ती टाकली का, का नुसतं पाणीच उकळून राहिले?” आधी तो हसायचा. पुढे पुढे खरंच चहाच्या पातेल्यात वाकून बघायला लागला. होळीच्या आधी तो गाव सोडून गेला.

दुरुस्त झालेला तो ट्रॅक्टर पुढे कित्येक वर्षं मीच चालवला. थंडीत तेल उतरवायचो, तापवायचो, वीस फेरे मोजायचो. भाऊ कधी काही बोलला नाही. इंजिनही पुन्हा कधी तसं ठोकलं नाही.

दहा-बारा वर्षांनी कळलं की डायवरभाऊ कोराडीला मुलाकडे राहतो. मुलगा वीज केंद्रात कामाला होता. मी गेलो. बसमध्ये काय बोलायचं ते पाठ करत गेलो. त्याने खुर्चीवर बसलेली वीज केंद्राची राख फडक्याने पुसली, मला बसवलं, आणि मी सुरुवात करायच्या आत तोच बोलायला लागला.

“बरं झालं आले. लय दिवसांचं मनात होतं. ते तुमचं इंजिन... मीच इसरलो असन जी. मले तं तेल टाकल्याचंच आठवते, पण आठवणीचा काय भरोसा? तवापासून कोणाच्या गाडीले हात नाही लावला. माफ करजा मले.”

“जाऊ द्या,” मी म्हणालो.

म्हणजे मी त्याला माफ केलं! मग आम्ही चहा प्यालो, संत्र्याच्या बहाराचं बोललो. तो मला बसपर्यंत सोडायला आला. त्यानंतरच्या हिवाळ्यात तो गेल्याचं कळलं.

बसमध्ये पाठ केलेलं मला अजून शब्दन् शब्द येतं. डायवरभाऊ, तुम्ही आधी तेल टाकलं, मग हँडल मारलं. मी पाहिलं होतं. सायलेन्सर कोमट होता, कारण तुमच्या आधी मी ट्रॅक्टर सुरू केला होता. मला माफ करा.