स्टेलाबाईंनी केलेली आया

कोल्हारच्या स्टेला उजागरे बाईंची सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली. लग्न त्यांनी केलं नाही. निवृत्त झाल्यावर धाकटा भाऊ सॅम्युएल याच्या घराला लागून दोन खोल्या काढल्या आणि चर्चच्या गायकमंडळाला पेटीवर गीतं शिकवू लागल्या.

नाताळात मंडळीचं जेवण उरकलं की कोणीतरी हमखास म्हणायचं, "बाई, राहेलआजीचं सांगा."

राहेल म्हणजे बाईंच्या वडिलांची आई. गावाबाहेरच्या मिशन बंगल्यात ती आया होती. साहेबाची चार वर्षांची मुलगी मार्गरेट. राहेल तिला मागी म्हणायची. मागीला घटसर्प झाला. मडम स्वतःच तापाने पडलेली, साहेब डॉक्टर आणायला नगरला गेलेला. मूल राहेलच्या मांडीवरच गेलं. साहेब परतला तरी तिने ते खाली ठेवलं नाही. "निजलीय. उठवू नका," एवढंच म्हणत राहिली. पुढे साहेब-मडम विलायतेला निघून गेले, तरी म्हातारी होईतो राहेल दर रविवारी आधी बंगल्यामागच्या कबरीवर फुलं ठेवायची आणि मग उपासनेला यायची.

हे सांगताना बाईंचा आवाज दरवर्षी त्याच ठिकाणी घोगरा व्हायचा आणि बायका दरवर्षी त्याच ठिकाणी डोळे पुसायच्या.

बारा-तेरा वर्षांपूर्वी पुण्याहून हर्षल नावाचा दिग्दर्शक त्या बंगल्यात सिनेमा करायला आला. इंग्रजांचा काळ, ओसाड माळावरचं घर, आतून येणारे आवाज, हळूहळू भ्रमिष्ट होणारी मडम, असं त्याचं कथानक होतं. बंगल्याची माहिती काढत तो बाईंकडे पोचला. चहा निवून गेला तरी राहेलची गोष्ट ऐकत बसला.

"बाई, ही आया मी सिनेमात घेणार. आणि ते काम तुम्हीच करायचं."

"अहो, मला शाळेच्या गॅदरिंगमध्येसुद्धा कोणी उभं केलं नाही."

"अभिनय करूच नका. आजी जशी होती तशा वागा."

बाईंना तो आजीचा मान वाटला. आजी नेसायची तसं पांढरं लुगडं त्यांनी स्वतः शोधून आणलं. अंगाई कुठली म्हणायची, देवघरात नव्हे, पलंगापाशी गुडघे टेकून प्रार्थना कशी करायची, तेही त्यांनीच सांगितलं. एके दिवशी हर्षलने त्यांच्या हातात एक उशी दिली.

"ही छातीशी धरा आणि मुलीच्या खोलीपर्यंत सावकाश चालत जा. दारात थांबून आत बघा."

"उशी कशाला?"

"तिच्या डोक्याखाली द्यायला. मान अवघडलीय तिची."

बाई चालू लागल्या. चालता चालता आजी आठवली आणि डोळे भरून आले. पण रडायचं नाही असं बजावलेलं होतं, म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. हर्षल म्हणाला, "हेच पाहिजे होतं मला."

सिनेमा कुठल्याच थिएटरला लागला नाही. बऱ्याच महिन्यांनी त्याची डीव्हीडी निघाली आणि एक बाईंना कुरिअरने आली. चर्चचे पाळक दानीएल यांनी उत्साहाने हॉलमध्ये पांढरी चादर बांधली, प्रोजेक्टर मागवला. म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी खुर्च्या मांडल्या. बाई पहिल्या रांगेत, नवं पातळ नेसून.

उशीचा प्रसंग आला. बाई व्हरांड्यातून चालल्या, दारात थांबल्या. मग पडद्यावर नुसते दोन हात दिसले. बाही बाईंच्यासारखीच पांढरी, पण हात दुसऱ्याच कोणाचे. त्या हातांनी उशी मुलीच्या तोंडावर दाबून धरली. पाय झाडणं थांबलं. मग पुन्हा बाईंचा चेहरा, ओठ मिटलेले. पुढच्याच दृश्यात ती मेलेली मुलगी मांडीवर घेऊन त्या म्हणत होत्या, "निजलीय. उठवू नका."

सॅम्युएल उठून पुढे आला.

"आक्के, तुला ठावं हुतं हे?"

"नाही रे. देवाशपथ नाही."

"पडद्यावर तू सोता हाईस. आपल्या आज्जीला लेकराचा खून करताना दावलं, आन म्हनती ठावं न्हवतं!"

तो बायकोला घेऊन निघून गेला. पाळकसाहेबांनी प्रोजेक्टर बंद केला आणि चादर सोडायला लागले.

बाईंनी सकाळी हर्षलला फोन लावला. त्याचा आवाज मोकळा होता. "बाई, कथेला वळण लागतं. आजारपणाने मूल गेलं, एवढंच दाखवलं तर बघणार कोण? आणि नाव बदललंय की मी."

"वाक्य नाही बदललं."

"तेच तर सगळ्यांना आवडलंय! डीव्हीडी विकतात ना त्या साइटवर वाचा लोकांनी काय लिहिलंय."

वाचायला त्यांना सॅम्युएलच्या मुलीने, कृपाने मदत केली. बापाला न सांगता ती बाईंच्या खोलीत येऊन मोबाईलवर एकेक मत वाचू लागली. एकाने लिहिलं होतं, पार्सल वेळेत आलं, पण डबीला चीर होती. एकाला आवाज पुढेमागे वाटला. एक म्हणत होता, कथा संथ, बंगला सुंदर. बाकी सगळे आयेबद्दल. 'म्हातारीची नजर बघून अंगावर काटा आला.' 'ही बाई अभिनय करतेय असं वाटतच नाही, मुळातच तशी असणार.' आणि एक, 'खाल्ल्या मिठाला न जागणारी जात. बरोबर दाखवलंय.'

कृपा तिथे थांबली. "आत्या, पुरे आता."

"पुरे कसं? माझंही मत लिही. डीव्हीडी माझ्याकडेही आहे."

बाईंनी सांगितलं तसं कृपाने लिहिलं. आयेने मुलीला मारलं नाही. मुलगी घटसर्पाने गेली. ती आया माझी आजी होती आणि ते काम मी केलं आहे.

काही दिवसांनी खाली उत्तर आलं. 'तुम्हाला सिनेमा कळलेला नाही. तो उशीचा सीन पुन्हा नीट बघा.'

पुढच्या नाताळात मंडळीचं जेवण झालं, भांडी घासून झाली, पण राहेलआजीचं सांगा असं कोणी म्हटलं नाही. बाईंनी आपणहून विषय काढला तेव्हा एक बाई म्हणाली, "नको बाई, पोरं घाबरतात." गायकमंडळातल्या दोघीतिघींनी मुलींना पाठवणं आधीच बंद केलं होतं. बाईंनी पेटी पाळकसाहेबांच्या ताब्यात दिली. सॅम्युएल एका भिंतीपलीकडे राहतो. आजारपणात डबा पाठवतो, पण अजून बोलत नाही.

आजीमागे दर रविवारी मागीच्या कबरीवर फुलं ठेवणं मात्र बाईंनी सोडलं नाही. गेल्या वर्षी एका रविवारी तिथे नेवाशाची चार-पाच कॉलेजची पोरं मोटरसायकली लावून फोटो काढत होती. एक जण मोबाईलसमोर सांगत होता, "हीच ती उशीने मारलेल्या पोरीची कबर."

"बाळा, ती घटसर्पाने गेली," बाई म्हणाल्या. "माझ्या आजीच्या मांडीवर गेली."

पोरं वळून बघत राहिली. मग एकाला ओळख पटली. "आयला, आज्जी, तुमीच ना त्या? पिक्चरमधल्या?"

हातातली फुलं तशीच धरून बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. रडू आवरायला त्यांनी ओठ मिटून घेतले.

"हां आज्जी, अश्शीच नजर ठेवा," पोरगा म्हणाला आणि त्याने फोटो काढला. "लई भारी."