लाईट गेल्यावरचा कारभारी

वडीगोद्रीच्या अलीकडं एक गाव आहे. तिथं शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीच्या गाळ्यात झुंबरबाईची पिठाची गिरणी. नवरा वारल्यापासून ती एकटीच चालवते. पन्नाशी उलटलेली बाई, भुवयांवर कायम पीठ. गिरणी चालू असली की तिथं बोललेलं कुणाला ऐकू येत नाही. दुपारी लाईट गेली की मात्र डबे ओळीनं लावून माणसं पायरीवर बसतात. "हां मावशे, मंग पुढं?"

सून साधनानं तिला मोबाईलवर एक मालिका लावून दिली होती. परदेशातली, पण हिंदीत बोलणारी. किल्ले, तलवारी, उडणारे घोडे. त्यातली नावं झुंबरबाईच्या जिभेवर बसेनात. म्हणून राणीची राणीच राहिली आणि प्रधानाचा झाला कारभारी. ह्या कारभाऱ्याला गादी पाहिजे होती. राणीच्या एकेका सरदाराला तो शिकारीला न्यायचा, मेजवानी द्यायचा आणि फोडायचा.

नेमका त्याच महिन्यात सोसायटीत चेअरमन नंदाबाईवर अविश्वास ठराव आला. आणला होता व्हाईस चेअरमन अप्पारावानं. असा ठराव आला की इकडं फोडलेल्या संचालकांना गाडीत घालून देवदर्शनाला नेतात, ते थेट मतदानालाच परत आणतात. अप्पारावाची गाडी ठरली होती.

"मावशे, ह्यो कारभारी देवदर्शनाला न्हाई का नेत?" उषाबाईनं पायरीवरून विचारलं, आणि सगळे खो खो हसले.

ते अप्पारावाच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी तो गिरणीत आला.

"झुंबरबाई, गावात माझी गोष्ट सांगून राह्यलीस म्हणं."

"तुमची कशाची? मोबाईलात है ती. दाखवू का?"

"मला न्हाई पाह्यचं. गाळ्याचा करार मार्चात संपतो, ध्यानात है ना? मी चेअरमन झालो का पह्यली सही त्याचीच. करार कुणाच्या नावावर करायचा, ते तू पाह्य."

झुंबरबाईनं हातातला डबा खाली ठेवला. गाळा गेला तर गिरणी ठेवायला तिच्याकडं दुसरी जागा नव्हती.

"त्यो कारभारी शेवटी जिंकतो का हारतो?" अप्पारावानं विचारलं.

"जिंकतो. कालच पाह्यलं मी."

अप्पारावाचा चेहरा खुलला. "बराबर! मंग तेच सांग आज. माझ्यासमोर सांग."

दुपारी लाईट गेली. पायरीवर नंदाबाईच्या गटातला संचालक बद्रीनाथही गव्हाच्या पोत्यावर टेकला होता. अप्पारावानं त्याला फोडलं होतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. उद्या पहाटे तो गाडीत बसणार होता.

झुंबरबाईनं सांगितलं. राणीचा सगळ्यात भरवशाचा सरदार रात्री उठला. त्यानं किल्ल्याचा दरवाजा आतून उघडला. कारभारी आत आला, राणीला कैद केलं आणि गादीवर बसला.

"झालं!" अप्पाराव उठला, धोतर झटकलं आणि हसत निघून गेला.

रोज इतक्यात लाईट यायची आणि गोष्ट तिथंच तुटायची. त्या दिवशी लाईट आलीच नाही.

"मंग पुढं?" उषाबाई म्हणाली.

पुढचा भागही झुंबरबाईनं पाहिला होता. ती म्हणाली, "पुढं काय, दुसऱ्या दिवशी कारभाऱ्यानं दरवाजा उघडणाऱ्याला बोलावलं. त्याला वाटलं, जहागीर भेटन. कारभारी म्हणला, तू तिचा झाला न्हाईस, माझा काय होशील? आन तिथंच त्याची मुंडी उडवली."

"आगंऽऽ!" उषाबाईनं तोंडाला पदर लावला.

बद्रीनाथ पोत्यावरून उठला. "मावशे, गहू राहू दे इथंच. उद्या नेतो."

"उद्या तर तू देवाला चालला ना?"

तो पायरी उतरून घराकडं निघालाही.

पहाटे गाडी त्याच्या दारात बराच वेळ हॉर्न वाजवत उभी राहिली. बद्रीनाथ घरात पोट धरून पडला होता, असं त्याच्या बायकोनं बाहेर येऊन सांगितलं. ते पाहून आणखी एक संचालक गाडीतून उतरला. ठराव पडला. मार्चात नंदाबाईनं गाळ्याचा करार झुंबरबाईच्याच नावावर पुढं चालवला.

अप्पारावाच्या घरचं दळण त्यानंतर थोडे दिवस शहागडला गेलं. तिथलं पीठ जाडं यायचं. एका दुपारी तो स्वतःच डबा घेऊन आला, तेव्हा नेमकी लाईट नव्हती. पायरीवरच्यांनी सरकून त्याला जागा दिली.

"त्या कारभाऱ्याचं काय झालं गं मंग?" खाली बघतच त्यानं विचारलं.

"है अजून गादीवर," झुंबरबाई म्हणाली. "पण झोपंना झालाय. बसा, सांगते."