बिदरच्या धावपट्टीवर अण्णा

वैनींचा फोन आला तेव्हा मी भालकीच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासात बायकांच्या बॅचला फाईल सेव्ह करायला शिकवत होते. वैनी रडत नव्हत्या. "सुमन, ये गं. तुझा अण्णा गेला," एवढंच म्हणाल्या आणि फोन तसाच चालू राहिला... पलीकडून माणसांचं बोलणं, बादली सरकवल्याचा आवाज. सकाळचा चहा पिता पिता माझा थोरला भाऊ गेला होता. खटकचिंचोळीच्या बसमध्ये बसले आणि खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. म्हटलं, लबाडा, रविवारी आळंदवरून उडत कलबुर्गीला जायचं ठरलं होतं आपलं, आणि मला न सांगता कुठं निघालास? आता महिना उलटलाय. राग निवला. पण दुःखाचं लिहायला बसावं तर आठवतंय ते सगळं गडबडीचं, धावपळीचं, हसून हसून पोट दुखायचं. आठवतंय तसंच लिहिते.

अण्णा गणिताचा मास्तर. आमचं मूळ गाव भालकीकडचं मेहकर. बिदरच्या हवाई तळावरची शिकाऊ विमानं आमच्या डोक्यावरूनच घिरट्या घालायची, आणि हा ज्वारीत उभा राहून मान दुखेपर्यंत वर बघायचा. कॉलेजात असताना वैमानिक व्हायचं म्हणून अर्ज केला, परीक्षा पास झाला, आणि डोळ्यांच्या तपासणीत बाहेर पडला. घरी येऊन जेवला, झोपला, दुसऱ्या दिवशी मास्तरकीचा फॉर्म भरला. तो विषय त्यानं पुन्हा कधी काढला नाही. रिटायर झाल्यावर कलबुर्गीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब टाकून जपायची, तरी कडेकडेनं कमी होत जाणार... असं ते म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना अण्णानं माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता हा रडतो. तर म्हणतो कसा, "सुमे, कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ असतोय म्हणं. त्यात आपला मुलूख खराखुरा दिसतोय. डोळे जायच्या आत एकदा बिदरच्या धावपट्टीवर आपल्या हातानं विमान उतरवायचंय मला. एकदाच. बास."

आता ह्याला नाही कोण म्हणणार?

त्याच्याकडं माझ्या क्लासातून मोडीत काढलेला एक दहा वर्षांचा डेस्कटॉप होता. त्यावर तो खेळ टाकला, आणि काय सांगू, विमानाची बैलगाडी झाली! दर पाच सेकंदांना एक चित्र हलायचं. अण्णा विमान डावीकडं वळवायचा, ते वळल्याचं दिसेपर्यंत विमान कुणाच्या तरी तुरीत पडलेलं असायचं. "मशीनलाबी काचबिंदू झालाय गं," म्हणायचा. मी कॅबिनेट उघडून बघितलं. मदरबोर्ड धडधाकट होता, प्रोसेसर चालण्यासारखा. तीन गोष्टी बदलायला हव्या होत्या. चित्र काढायला वेगळं ग्राफिक्स कार्ड, चारच्या जागी सोळा जीबी मेमरी, आणि ह्या दोघांचं पोट भरायला दमदार एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. जुन्या डब्याला नुसता पंखा फिरवतानाच धाप लागायची. ही यादी मी वहीच्या पानावर लिहून दिली, तर पठ्ठ्यानं ती पाठ केली! गल्लीत भेटेल त्याला सांगायचा. किराणावाल्या अप्पाला एसएमपीएस समजावून सांगताना मी त्याला माझ्या कानांनी ऐकलंय.

खरेदीला आम्ही दोघं हैदराबादला गेलो. लग्नाचा बस्ता काढायला निघाल्यासारखा अण्णा पहाटेपासून तयार, इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध. कार्ड लांब निघालं तर आत बसत नाही, म्हणून कॅबिनेटचं आतलं माप आणायला सांगितलं होतं. ह्यानं वैनींच्या फुलं ओवायच्या दोऱ्यानं माप घेऊन गाठ मारून आणली होती. दुकानात प्रत्येक कार्डाला तो दोरा लावून बघायलाय, आणि मी लाजेनं मान खाली घालून उभी! दुकानदारानं विचारलं, "पोते के वास्ते लेरे क्या, चाचा?" अण्णा ताठ झाला. "पोता-वोता कोई नै, मियाँ. मैं उडाता." दुकानदार जे उठला ते आतून खास ठेवणीतलं वापरलेलं कार्ड घेऊन आला, चालवून दाखवलं, वर चहा पाजला. मेमरीची खाच जुन्या बोर्डाला जुळते का ते मी तीनदा तपासलं. परतीच्या बसमध्ये खोकी मांडीवरून खाली ठेवायला अण्णा तयार नाही. जहिराबाद गेलं तरी मांडी हलवेना. "मुंग्या आल्यात गं पायाला, पर ऱ्हाऊ दे."

आलो तो दिवस खंडेनवमीचा. मला तर कधी एकदा जोडते असं झालेलं. पण वैनी म्हणाल्या, "न्हाई, आधी पूजा. हत्यारं आज हातात घ्यायची नसतात, उद्या जोडा." आमच्याकडं त्या दिवशी कोयता, विळी, मोटार, स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. त्या रांगेत पाटावर एसएमपीएस बसला, त्याच्या शेजारी दोन मेमरीच्या पट्ट्या, मधे नवरदेवासारखं कार्ड. आणि अण्णाला हौस फार! त्यानं कॅबिनेटचं झाकण काढून ते आडवं निजवलं. कामून? तर म्हणे, "देवीला आतलं दिसू दे की. बंद डब्याची काय पूजा?" वैनींनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, लिंबू कापलं, आणि मूठभर अक्षता त्या उघड्या पोटावर टाकल्या. मी, वीस वर्षं कॉम्प्युटर शिकवणारी शहाणी बाई, हात जोडून बघत उभी राहिले.

दसऱ्याला सकाळी ब्रश घेऊन मी सगळं झाडलं. मेमरी बसली, टक् टक्. एसएमपीएस बसला. कार्ड लावताना शेवटचा खटका काही वाजला नाही, पण म्हटलं जुना बोर्ड आहे, झिजला असेल. बटण दाबलं. पंखे असे घोंघावले की अण्णानं टाळ्या वाजवल्या... आणि पडदा काळा. तीनदा पिंग वाजलं, बास. कार्ड काढलं की मशीन चालू, कार्ड लावलं की काळोख. दुपारपर्यंत मी घामानं निथळले. मग माझं डोकं फिरलं. "फसवलं त्या हैदराबादवाल्यानं! चहा पाजून फसवलं! आत्ताच्या आत्ता जाते आणि त्याच्या टाळक्यात हाणते हे कार्ड!" मी चप्पल घालायला लागले तेव्हा अण्णा हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ दे, सुमे. डोळ्यापायी एकदा न्हाई जमलं, आता मशीनपायी न्हाई जमलं. ऱ्हाऊ दे." त्याचं असं बोलणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. एका पायात चप्पल घालून मी तशीच उभी राहिले.

वैनी सोनं वाटून परत आल्या, हातात आपट्याची पानं. वाकून आत बघितलं आणि म्हणाल्या, "व्हय गं, ह्या फटीत तांदूळ कामून अडकलाय?" मी बॅटरी घेऊन धावले. कार्डाच्या खाचेत, अगदी टोकाला, हळदीत माखलेला एक दाणा चपखल जाऊन बसला होता. त्याच्यापायी कार्ड एका बाजूनं केसभर वर राहत होतं. ब्रशनं निघाला नाही, वैनींनी शिवणकामाच्या सुईनं तो उचकटून काढला. कार्ड दाबलं. खट्! काय तो आवाज! बटण दाबलं आणि पडद्यावर उजेड आला. आम्ही तिघं जे ओरडलो ते शेजारची माणसं घरात धावत आली, कुणाला काय झालं म्हणून. अण्णानं तो दाणा देवाला वाहिला. मी मनातल्या मनात हैदराबादच्या त्या भल्या माणसाची माफी मागितली.

आणि मग अण्णा उडाला! चित्र असं पाण्यासारखं वाहत होतं. मांजरा नदी दिसली, किल्ला दिसला, मेहकरवर तर त्यानं चार घिरट्या घातल्या. उडणं त्याला आठवड्याभरात आलं, उतरणं काही येईना. कधी धावपट्टी ओलांडून पुढं जायचा, कधी अलीकडंच आपटायचा. नजर तेवढी मधल्या नळीतून बघितल्यासारखी उरलेली. समोर धावपट्टी बघितली की खालचे उंची-वेगाचे काटे दिसायचे नाहीत, काटे बघितले की धावपट्टी हरवायची. ह्याच्यावर तोड वैनींनी काढली. शेजारी पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या, आणि काटे मोठ्यानं वाचायला लागल्या. "तीन हजार... अडीच... चोवीसशे. जरा डावीकडं घ्या. तेवीसशे..." बिदरला बावीसशे फुटांच्या आसपास जमीन लागते, समुद्रापासूनची उंची ती. एका रविवारी संध्याकाळी मी मागं उभी होते. वैनी "बावीसशे" म्हणाल्या आणि चाकं टेकली. उसळलं नाही, घसरलं नाही. धावपट्टीच्या मधल्या रेघेवर विमान हळूहळू थांबलं. अण्णानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "उतरलं का गं?" त्यानं विचारलं. "उतरलं," वैनी म्हणाल्या. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याला असं रडू फुटलं की आवरेना. माझंही तेच झालं.

त्यानंतर रोज संध्याकाळी मला फोन. "सुमे, काय झकास चित्र यायलंय गं! तुरीची वळ न् वळ दिसायलीय. तुझ्या हाताला यश हाय बघ." मी फुशारून जायची. क्लासातल्या बायकांना सांगायची, आमच्या अण्णाचं मशीन मी असं केलंय की नव्या मशीननं तोंडात बोट घालावं.

तेराव्यानंतर मी दोन दिवस वैनींपाशी राहिले. त्याच्या खोलीत पाऊल ठेवायचं धाडस होत नव्हतं, शेवटी दोघी मिळून गेलो. मशीनवरची धूळ पुसताना मी सहज म्हटलं, शेवटपर्यंत तेवढं चित्र तरी त्याला मनासारखं बघायला मिळालं. वैनी पुसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "सुमन, येळवशीपासनं त्यांना काहीच दिसत न्हवतं."

येळवशीपासून? मार्गशीर्षातल्या अवसेपासून? तीन महिने? आणि ते फोन? ती तुरीची वळ न् वळ?

"मी सांगत होते की. काटे वाचायचे, मग खिडकीतलं सांगायचं. कुठं हिरवं हाय, कुठं नदी वळली, कुठल्या गावाचं देऊळ आलं. ते ऐकून ऐकून उडवायचे. उतरवायचेबी. सुमीला सांगू नको म्हणाले, तिनं लई हौसेनं केलंय, तिला वाईट वाटंल."

माझ्या तोंडून गेलं, "मग वैनी, सगळं फुकटच गेलं की. ते कार्ड, ती मेमरी..."

"फुकट कामून?" वैनी जवळजवळ रागावल्याच. "मला नीट दिसलं म्हणून तर त्यांना दिसलं."

संध्याकाळच्या बसनं मी निघाले. वैनी स्टँडपर्यंत सोडायला आल्या. उंबऱ्यातच त्यांनी माझ्या कोपराला धरलं. "दोन पायऱ्या हायत," म्हणाल्या. मी उतरले. "आता नाली. जरा उजवीकडनं ये... पुढं म्हस बांधलीय, तिच्या मागनं." अजून उजेड होता, माझे दोन्ही डोळे चांगले धडधाकट, नाली दिसत होती, म्हैसही दिसत होती. वैनींच्या ते ध्यानातच नव्हतं. स्टँड येईपर्यंत त्या रस्ता सांगत राहिल्या, आणि मी त्या म्हणतील तसं डावीकडं, उजवीकडं होत गेले.