नंदाची थंडी

फोन आला तेव्हा मी शांती नगरमध्ये भाजी घेत होते. नंदाच्या मुलाचा होता. भाजीवाला विचारत होता, "दीदी, धनिया डालूं?" आणि मी नुसती मान हलवत राहिले... नंदा ऑपरेशनमधून परत आली नव्हती. त्याला आता महिना होत आला.

टेनिसमधली महिला दुहेरीची माजी राष्ट्रीय विजेती, नेटवरची वाघीण, असं ती गेल्यावर पेपरात आलं. खरंच आहे ते. तिचा चेहरा बघूनच समोरच्या मुली निम्म्या गार व्हायच्या. पण मी तिची जोडीदार. माझी सर्व्हिस असली की मला दिसायची ती तिची पाठ, आणि पाठीमागे धरलेला हात. त्या हाताने ती खुणा करायची: मूठ म्हणजे जागेवर थांबणार, उघडा पंजा म्हणजे पलीकडे धावणार. आमच्या पहिल्या फायनलला तो हात इतका थरथरत होता की मूठ आहे की पंजा, काही कळेना. मी पुढे जाऊन हळूच विचारलं, "नंदे, हात का हलतोय?"

"थंडी वाजतेय."

भर मे महिना! टी-शर्ट घामाने पाठीला चिकटला होता बाईंचा. आम्ही जिंकलो, पुढेही खूप जिंकलो, आणि दर मॅचला नंदाला थंडी वाजायचीच. तिचं घाबरणं जगात फक्त मला दिसायचं. मीही काही कमी भित्री नव्हते, पण एकीने ते काम अंगावर घेतल्यावर दुसरीला घाबरायला जागा कुठे उरते?

पुढे लग्नं झाली, दोघी मीरा रोडला आलो. बेव्हर्ली पार्कमधल्या एका सोसायटीच्या कोर्टवर ती मुलींना शिकवायची. रविवारी मी बॉल टाकायला जायचे आणि तिची बोलणी खाऊन घरी यायचे.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्या सगळ्या मुली तिच्या खाटेभोवती जमल्या होत्या. "रडताय काय गं? हृदयाची झडप बदलतायत, मला नाही!" म्हणून ती हसत होती. मी मागे तिची उशी सारखी करत होते. तेवढ्यात तिचा हात हळूच पाठीमागे आला... मूठ. जागेवर थांबणार. मी ती थरथरणारी मूठ दोन्ही हातांत धरली. नंदा वळली नाही. नेटवरही ती कधी मागे बघायची नाही.

"थंडी वाजतेय, शुभे."

"एसी कमी करायला सांगते," मी म्हटलं. एसी बंदच होता.

क्लास बंद पडू देऊ नका, म्हणून मुली माझ्या मागे लागल्या. मागच्या रविवारी गेले एकदाची. खेळायला एक जण कमी होती, त्यामुळे मलाच नेटवर उभं केलं. नंदा सर्व्हिस करायची तेव्हा मीही नेटवर उभी राहायचे, पण तेव्हा मागे नंदा असायची. आता मागे रिया होती, चौदा वर्षांची. मला दरदरून घाम फुटला. रॅकेट टाकून सरळ घरी पळावं असं वाटलं. तरी हात मागे नेला आणि मूठ आवळली.

"आंटी, तुमचा हात का हलतोय?" मागून रियाने विचारलं.

ऊन चांगलंच चढलं होतं. मी मागे वळून बघितलं नाही.

"थंडी वाजतेय गं," म्हणाले. "तू कर सर्व्हिस."