आत्याच्या पायांचं माप

आत्याला पाठ टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. भिंतीपासून हातभर पुढं, उठायच्या तयारीत बसायची. सारा जन्म अजिंठ्याकडच्या डोंगरात मेंढरांमागं गेला. म्हातारपणी मेंढरं विकल्यावर मी तिला शहरात आमच्याकडं आणलं.

इथं तिचे पाय सुजू लागले. एकदा रबरी चपलेवरून घसरून पडली. डॉक्टर म्हणाले, "चांगले बूट घ्या आणि रोज चालू द्या." मी अंदाजानं भारीतले मऊ बूट आणले. आत्या दोन पावलं टाकून थांबली. "पायाखाली जिमीन हाय का नाय, तेच कळंना." दुसरे आणले, ते चावले. तिसऱ्यांत एक पाय नीट बसला, दुसरा नाही. बूट वाईट की आत्या हट्टी, मला समजेना.

शेवटी गुलमंडीच्या बाजारातल्या एका वयस्कर बूटवाल्याला विचारलं. "अम्मा को शाम में लाओ," तो म्हणाला, "पाँव फूलने के बाद."

त्यानं तिला उभं करून दोन्ही पायांची मापं घेतली. डावा पाय चांगला मोठा निघाला! त्यानं डाव्याच्या मापाचा जोड काढला, उजव्यात एक जादा तळ घातला. टाच घट्ट, पुढं अंगठ्याएवढी मोकळी जागा, तळ टणक, वाकायला नको म्हणून नाडीऐवजी पट्टा. आत्या दुकानात या टोकापासून त्या टोकाला तीनदा गेली.

"पाय लहानमोठे आहेत, तुला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"व्हतं की. वहाना करनारा दोन्ही पायांचं माप घ्यायचा. तू इचारलंच नाय."

आठ दिवस ती कॉलनीत फेऱ्या मारत होती. नवव्या दिवशी सकाळी गेली ती परतलीच नाही. दुपारपर्यंत आम्ही गल्ल्या, दवाखाने पालथे घातले. मग गावाहून चुलतभावाचा फोन आला, "आत्या इथं आलीय. फाट्यावर एसटीतून उतरून चालत."

मी तसाच निघून गाव गाठलं.

"अगं, सांगून तरी यायचं! कुणी काही बोललं का तुला?"

"नाय रं. सूनबाई लई चांगली हाय."

"मग?"

"तूच म्हनला ना, रोज चाल. तिथं कितीबी चाललं तरी परत तुझ्याच दारात. जायचं कुठं?"

ती पुन्हा शहरात आली नाही. दोन वर्षांनी गावातच वारली.

तिला आणायला गेलो होतो त्या दिवशी मी एकटाच घरी आलो, तेव्हा बायकोनं विचारलं, "रागावून गेल्या का आत्या?" मी आत्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे काय?"

मला तेव्हा सांगता आलं नाही. आजही पुरतं येत नाही.