सड्यावरचा परग्रह

आमची फिल्म एकदाच दाखवली गेली. तिचे किस्से मात्र अजून चालू आहेत, आणि ते फिल्मपेक्षा बरे आहेत हे फिल्म पाहिलेले लोकही मान्य करतात. किस्स्यांचं अढीतल्या आंब्यांसारखं असतं. एकच काढायचा म्हणून पेंढ्यात हात घालावा, तर शेजारचे आपले आपण पिकून बसलेले असतात. कुणाच्या लग्नात, कुणाच्या बाराव्याला आमच्यातले दोघं एकत्र आले की बाकीचे हळूच खुर्च्या लांब नेतात. त्यांना ठाऊक असतं, आता यान उतरणार.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, दापोलीची. मी तेव्हा शाळेत मराठी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात हौशी नाटक मंडळात काम करायचे. मंडळ म्हणजे बापू. बाजारपेठेत बापूंचं कापडाचं दुकान होतं, पण त्यात गिऱ्हाइकांपेक्षा मावळे जास्त असायचे. दरवर्षी एक ऐतिहासिक नाटक, हा बापूंचा नेम. समोर नट काय करताहेत याकडे त्यांचं फारसं लक्ष नसे, त्यामुळे दिग्दर्शन अगदी मनासारखं होई.

मग अरविंद सुट्टीवर आला. अरविंद हर्णेचा, मोठ्या बोटीवर नोकरीला. त्या खेपेला त्याने परदेशातून व्हिडिओ कॅमेरा आणला. कॅमेरा खांद्यावर, रेकॉर्डर बगलेतल्या बॅगेत आणि दोघांच्या मध्ये जाड वायर. त्याची आई त्या वायरला दावं म्हणायची. पहिले काही दिवस त्याने आई बांगडे साफ करताना, आई ओरडताना आणि आई पदर ओढून आत निघून जाताना, एवढंच शूट केलं. ते पाहून बापूंनी जाहीर केलं की आपण सिनेमा करायचा, आणि तोही विज्ञानाचा.

जन्मभर तलवारी चालवलेल्या माणसाला एकदम विज्ञान का सुचावं, असं मी विचारलं.

बापू म्हणाले, "ऐतिहासिक करायचं तर घोडे लागतात. अंतराळात घोडे नसतात."

* * *

कथा बापूंचीच होती. एक साधा तरुण एसटीची वाट बघता बघता स्टँडवर झोपतो आणि जागा होतो तो परग्रहावर. तिथली राणी त्याला कैद करते, यंत्रमानव त्याच्यावर पहारा करतो आणि शेवटी तो आपल्या अकलेने घरी परततो. राणी मी. मंडळात दुसरी बाईच नव्हती, म्हणून माझी निवड एकमताने झाली.

हीरोसाठी मात्र सगळे तयार होते. पण बापूंना माणूस अगदी सामान्य हवा होता. मंडळातल्या प्रत्येकाला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, की तू या भूमिकेसाठी फारच देखणा आहेस. ते सगळ्यांना पटलं. त्यामुळे भांडण झालं नाही, पण हीरोही मिळाला नाही.

एका संध्याकाळी दुकानात यावरच वाद चालला होता. बऱ्याच वेळाने कुणाच्या तरी लक्षात आलं की कोपऱ्यात एक मुलगा उभा आहे. विचारलं तर म्हणाला, शर्टाचं कापड घ्यायला आलोय. केव्हा आलास, तर तुमचा वाद सुरू व्हायच्या आधी. हा दिगंबर. लोट्याला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये कामाला, खेडेगावातला, चोवीस-पंचवीसचा. इतका वेळ तो आमच्यात उभा होता आणि तो कुणाला दिसला नव्हता.

बापूंनी त्याला आपादमस्तक पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "इतका सामान्य माणूस उभ्या तालुक्यात मिळायचा नाही."

दिगूने या गौरवाबद्दल आभार मानले. कापड द्यायचं शेवटी राहूनच गेलं.

* * *

यंत्रमानव म्हणजे बापूंचा मेहुणा वसंत. तो आधीच कमी बोलायचा, म्हणून ही भूमिका त्याला देण्यात आली. पत्रे कापून, ठोकून आणि तारेने आवळून त्याचं अंग तयार केलं होतं. ते घालायला इतका वेळ लागे की शूटिंगच्या दिवशी वसंतने ते घरूनच घालून यावं असं ठरलं. शूटिंग गावाबाहेर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर होतं, आणि तिथे जायला एसटीशिवाय दुसरं वाहन नव्हतं. आम्ही वसंतला मागच्या दाराने चढवला. बसवता येत नव्हता, म्हणून उभाच ठेवला.

कंडक्टर आला. आयुष्यात त्याने बरंच काही बसमध्ये चढताना पाहिलं असावं, कारण तो मुळीच दचकला नाही. आत माणूस असेल तर फुल तिकीट, नसेल तर लगेज, एवढंच त्याने शांतपणे सांगितलं. बापू व्यवहाराने पक्के. त्यांनी ताबडतोब सांगितलं, लगेज.

कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं, पंच केलं, आणि पुढे सरकणार एवढ्यात आतून खोल आवाज आला, "कुणीतरी खिडकी उघडा हो, गुदमरतंय."

कंडक्टरने बापूंकडे पाहिलं, मग वसंतकडे पाहिलं. वाकून खिडकी उघडली आणि म्हणाला, "सामान बोलायला लागलं तर त्याची जबाबदारी मालकाची."

* * *

परग्रहासाठी आमच्याकडे सडा होता. मैलभर नुसता जांभा कातळ, झाड नाही, सावली नाही, आणि वर मे महिन्याचं ऊन. एवढी उजाड जागा देवाने फक्त आमच्या फिल्मसाठी राखून ठेवली होती असं बापूंचं मत होतं. मी चंदेरी पातळ नेसून, डोक्यावर सायकलच्या तारांचे दोन अँटेना लावून सिंहासनावर बसले होते. सिंहासन म्हणजे दुकानातलं स्टूल.

पहिलाच शॉट सुरू होणार तोच एक म्हातारा बैल घेऊन आला. काय चाललंय, असं त्याने विचारलं. बापूंनी त्याला प्रेमाने समजावलं की बाबा, तुम्ही आता ज्यावर उभे आहात ती पृथ्वी नाही, दुसरा ग्रह आहे, आणि या तिथल्या राणीसाहेब. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहून रीतसर नमस्कार केला. मग म्हणाला, "ग्रह कसला? ह्यो आमचा सडा. माझ्या चुलत्याचा नि माझा वाद हाय ह्याच्यावर. तुमी तिसरे कुठून आलात?"

बापूंनी नाना परींनी सांगून पाहिलं. म्हाताऱ्याचं म्हणणं एकच, की फोटो निघणार असेल तर त्यात आपला बैल आला पाहिजे. चुलता तो फोटो बघेल आणि सड्यावर बैल कोणाचा चरतो ते त्याला कळेल. शेवटी बैल माझ्या सिंहासनामागे बांधला गेला आणि म्हातारा एका दगडावर साक्षीला बसला.

आमच्याकडे एडिटिंग नावाचा प्रकार नव्हता. जे घेतलं ते राहिलं. त्यामुळे सबंध फिल्मभर परग्रहाची राणी मानवजातीच्या विनाशाच्या गोष्टी करते आणि तिच्या मागे एक बैल रवंथ करतो. हे जरा विचित्र दिसतं, असं मी बापूंना म्हटलं.

"का?" बापू म्हणाले, "तिथे लोक जेवत नसतील?"

* * *

परग्रहावर एक बाजार दाखवायचा होता. माणसं, गर्दी, आणि मुख्य म्हणजे कुणाला न कळणारी भाषा. ती भाषा तयार करायचं काम मराठीची शिक्षिका म्हणून माझ्याकडे आलं. मी शब्द उलटे करून पाहिले, तर शाळेतली मुलं डब्याच्या सुट्टीत बोलतात तसं काहीतरी निघालं. मग अरविंद म्हणाला की आमच्या हर्णेला संध्याकाळी चला. मासळीच्या लिलावाला गर्दीही फुकट आहे आणि भाषाही.

आम्ही गेलो. होड्या लागलेल्या, वाळूवर सुरमईचे, कोळंबीचे ढीग, भोवती बायकांची कडी आणि मध्ये लिलाव पुकारणारा. आकडे इतक्या वेगाने उडत होते की मलाही त्यातला एखादाच शब्द हाती लागत होता. दिगू चंदेरी रेनकोट घालून त्या गर्दीतून हरवल्यासारखा फिरला. त्यासाठी त्याला अभिनय करावा लागला नाही. एका बाईने त्याला बाजूला सारलं आणि घ्यायचं नसेल तर उभा कशाला राहिलास, म्हणून सुनावलं. परग्रहवासीयांनी हीरोला दिलेली ती पहिली धमकी.

हा किस्सा संपतो तो फिल्म दाखवली त्या दिवशी. शाळेच्या हॉलमध्ये भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर लावला होता. पाहुणे म्हणून पुण्याकडचे एक प्राध्यापक आले होते. फिल्म संपल्यावर ते भाषणात म्हणाले की बाकी सगळं ठीक आहे, परंतु परग्रहावरच्या भाषेची रचना मात्र फारच अभ्यासपूर्ण आहे, आणि यामागे नक्कीच कुणा भाषातज्ज्ञाचा हात असावा.

मागच्या रांगेत अरविंदची आई बसली होती. तिने प्राध्यापकांकडे बघत शेजारणीला विचारलं, "ह्यांच्यात मासळी मुक्यानं घेतात काय गो?"

* * *

अरविंदची सुट्टी संपायला अवकाश होता. पण मध्येच त्याच्या कंपनीची तार आली, लगेच बोटीवर हजर व्हा. कॅमेरा त्याच्याबरोबर जाणार. आमची फिल्म सगळी झाली होती, फक्त शेवट राहिला होता. हीरो परग्रहावरच अडकलेला. एका दिवसात त्याला खाली आणणं भाग होतं, आणि दिगूला त्या दिवशी पहिली शिफ्ट होती.

दिगूला खोटं बोलता येत नसे. मुकादमाने रजेचं कारण विचारल्यावर घरात कुणाला तरी आजारी पाडण्याचं त्याला सुचलंच नाही. त्याने सरळ सांगितलं, "उद्या मला पृथ्वीवर परतायचं आहे."

लोट्याचा मुकादम. त्याने शिमग्याची, गणपतीची, भातलावणीची आणि चुलत आजीच्या मरणाची, सगळ्या तऱ्हेची कारणं ऐकलेली होती. हे मात्र नवीन होतं.

"खुशाल परत," तो म्हणाला. "पण सेकंड शिफ्टला ये."

* * *

शेवटचा प्रसंग असा होता, की दिगू चालत आपल्या घरी येतो, म्हातारा बाप दारात उभा असतो, बाप त्याला ओळखतो आणि फिल्म संपते. बाप म्हणून खुद्द बापू उभे राहणार होते. दुसऱ्या कुणावर हा प्रसंग सोपवायला ते धजावत नव्हते. बापाच्या तोंडी मी एक भाषण लिहिलं होतं, "बाळा, ताऱ्यांच्या पलीकडून तू परतलास" असं सुरू होणारं. बापू ते दुकानात कापड मोजताना म्हणत, आणि अर्ध्यावर आले की किती मीटर मोजलं तेच विसरत.

शूटिंगसाठी दिगूच्या घराचं अंगण ठरलं. सकाळची वेळ, सारवलेलं अंगण, पडवीला चांगला उजेड. आम्ही पोचलो तेव्हा दिगूच्या आईने मला स्वयंपाकघरात नेलं आणि हळूच सांगितलं, की घरात दिगूचे वडील आहेत, त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. वडील मुंबईला नोकरीत होते आणि गावी आले होते. त्यांनी बऱ्याच खटपटीने दिगूला मुंबईत चिकटवलं होतं. दिगू तिथे थोडे दिवस राहिला आणि न सांगता परत निघून आला. तेव्हापासून वडील त्याच्याशी बोलत नव्हते. गावी आले तरी त्याला काही सांगायचं असेल तर ते बायकोला सांगत, आणि दिगू समोर असला तरी ती ते त्याला पुन्हा सांगत असे. असं किती दिवस चालायचं, मी विचारलं. चुलीवर भात होता, तो तिने उतरवला.

बाहेर तयारी झाली. बापूंनी पांढऱ्या मिशा लावल्या, धोतर नेसलं, आणि दारात जायच्या आधी तुळशीजवळ उभं राहून भाषण एकदा मनात म्हणून घेतलं. दिगू घराकडे येणाऱ्या पाणंदीच्या टोकाला जाऊन थांबला. अंगावर चंदेरी रेनकोट, बगलेत शिरस्त्राण, तोंडाला कोळसा. अरविंदने कॅमेरा सुरू केला आणि हात वर केला. दिगू चालू लागला. बापू दाराकडे निघाले.

एवढ्यात दार उघडलं आणि दिगूचे वडील पडवीत आले. बाहेर कसला आवाज म्हणून आले असावेत. त्यांनी आमच्यापैकी कुणाकडे पाहिलंच नाही. पाणंदीतून त्यांचा मुलगा चंदेरी कपड्यांत चालत येत होता. दिगूनेही त्यांना पाहिलं. तो थांबेल असं मला वाटलं, पण तो चालतच राहिला, अंगणात आला आणि पायरीखाली उभा राहिला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. वडिलांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. रेनकोट पाहिला, शिरस्त्राण पाहिलं, तोंडाचा कोळसा पाहिला.

"पाय धुऊन ये," ते म्हणाले. "भात निवतोय."

आणि आत गेले.

दिगूने शिरस्त्राण पायरीवर ठेवलं. कोपऱ्यातल्या घागरीतून तांब्याभर पाणी घेतलं, पायांवर ओतलं, उरलेल्या पाण्याने तोंड धुतलं, आणि वाकून आत गेला.

बापू मिशा लावून अंगणात उभे होते. कट म्हणायचं काम त्यांचं होतं. त्यांनी ते म्हटलं नाही.